देशी ब्रेक-बॅरल एअर रायफल: आठ महिने आणि साडेचार हजार छर्ऱ्यांनंतर

रायफल देशी आहे, नळी मोडून छर्रा भरायची, स्प्रिंगवर चालणारी, .१७७ इंच म्हणजे ४.५ मिमी बोअरची (नळीचा आतला व्यास), लाकडी दस्त्याची. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण खाली लिहिलेल्या खोडी या किमतीच्या बहुतेक रायफलींत कमी-जास्त सापडतात. वापर इंदूरमध्ये, गच्चीवर, मोजून १० मीटरवरून. कागदी टार्गेट, त्यामागे तिरप्या जाड पत्र्याची पेटी आणि पेटीमागे विटांची भिंत.

सुरुवातीला पाच छर्ऱ्यांचा ग्रुप, म्हणजे टार्गेटवरच्या भोकांचा पुंजका, २२ ते २८ मिमी पसरायचा, सगळ्यात लांबच्या दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजून. आता सरासरी साडेसात मिमी. त्यासाठी ना स्प्रिंग बदलली, ना ताकद वाढवली. मिळालं ते सगळं स्क्रू, सील, छर्रे आणि हाताची पकड यांतून.

कायद्याचं आधीच सांगून टाकतो. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिमीपर्यंत बोअर आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असेल तर परवाना लागत नाही. बिल मात्र जपून ठेवा. शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंद आहे, त्यामुळे पारवा-पोपट डोक्यात असतील तर हे पुढे वाचू नका. परदेशातले लोक घरी काडतुसं भरून अचूकता साधतात, तेही आपल्याकडे परवान्याशिवाय चालत नाही. आपली बारूद म्हणजे स्प्रिंग, आणि ती मोजून कमी-जास्त करता येत नाही. म्हणून सगळा खेळ छर्ऱ्यावर येतो.

नवी रायफल पहिले दीड-दोनशे छर्रे धूर सोडते, मधूनच फटाक्यासारखा आवाज करते. कारखान्यातलं जास्तीचं तेल पिस्टनपुढे (स्प्रिंगने ढकलला जाऊन हवा दाबणारा दट्ट्या) दाबाने पेटतं, त्याचा हा परिणाम. दर वेळी वेग वेगळा, म्हणून छर्राही वेगळ्या जागी. या काळात नेम जुळवायच्या निशाणीला हात लावू नका. कहर म्हणजे आवाज आला की लोक आणखी तेल सोडतात! हवेच्या भोकात तेलाचा एक थेंबही नको, पिस्टनचं सील जळतं.

मग स्क्रू. दस्त्याच्या पुढच्या बाजूचे दोन आणि ट्रिगर गार्डचा एक, हे पन्नास-साठ छर्ऱ्यांत ढिले होतात. ग्रुप अचानक उभा पसरायला लागला तर आधी हेच तपासायचे. स्क्रू काढून पेट्रोलने पुसले, निळं थ्रेडलॉकर (स्क्रू ढिला होऊ न देणारा डिंक) लावलं, हाताने घट्ट झाल्यावर जेमतेम पाव फेरा दिला. त्याहून आवळलं की लाकूड दबतं आणि चार दिवसांत पुन्हा ढिलं. स्क्रूच्या डोक्यावरून दस्त्यावर उतरणारी नेलपॉलिशची एक रेघ ओढून ठेवा. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरलाय, पाना लावून बघायलाही नको.

नळी मोडून बंद होते त्या सांध्यातली गळती डोळ्यांना दिसत नाही. टिश्यू पेपरची बोटभर पट्टी सांध्यावर सैल ठेवायची, चेहरा लांब ठेवून छर्रा भरून टार्गेटवर मारायचा. पट्टी उडाली तर हवा गळतेय. इथे उडाली. सील नवंच होतं, पण खाचेत खोल बसलेलं. जुन्या एक्स-रे फिल्मची बारीक चकती कापून त्याखाली घातली आणि पट्टी जागची हलेना. सीलच गेलं असेल तर इंदूरच्या सियागंज बाजारात ऑइल सीलवाल्याकडे जुना नमुना घेऊन जा, नुसतं माप सांगून चुकीचं मिळतं.

आता छर्रे, जिथे सगळ्यात जास्त वेळ आणि पैसा गेला.

पहिलं खूळ वजनाचं. सराफ्यात दागिन्यांसाठी वापरतात तसला मिलिग्रॅमचा काटा आणून ०.५३ ग्रॅमचे छर्रे एकेक तोलले. डब्यात ०.५२ ते ०.५४ पर्यंत फरक निघाला. निवडून मारले तरी ग्रुप तोच. कारण हिशेबात आहे. वेग सेकंदाला २४० मीटरच्या आसपास धरला तर १० मीटरवर छर्रा जेमतेम ९ मिमी खाली येतो. ०.५३ पासून वजनात २ टक्के फरक म्हणजे वेगात साधारण १ टक्का आणि खाली येण्यात २ टक्के, म्हणजे ०.२ मिमीसुद्धा नाही. साडेसात मिमीच्या ग्रुपमध्ये ते शोधणार कुठे? पन्नास मीटरवर मारणाऱ्याने तोलावं. दहावर तोलणं म्हणजे नुसता वेळ घालवणं.

फरक पडतो तो छर्ऱ्याच्या डोक्याच्या व्यासाने. डब्यावर ४.५०, ४.५१, ४.५२ असं छापलेलं असतं आणि आपण ते वाचत नाही. जर्मन किंवा चेक बनावटीचा डबा घेताना आकडा विचारून घ्या. दुकानदार ‘सगळे सारखेच’ म्हणेल, तर दुसरं दुकान. या नळीत ४.५० चा छर्रा बोट न लावता आपोआप आत घसरतो. तो सैल असल्यामुळे स्प्रिंगचा दाब पुरता तयार व्हायच्या आधीच निघतो आणि दर वेळी वेगळ्या घडीला निघतो. ४.५२ चा अंगठ्याने हलका दाबावा लागतो आणि मागच्या कडेशी सपाट बसतो. प्रत्येकाचे पाच-पाचचे पाच ग्रुप काढले. ४.५० ची सरासरी ११ मिमी, ४.५१ ची ९, ४.५२ ची साडेसात. तुमच्या नळीला कदाचित ४.५० चाच मानवेल, हे मारल्याशिवाय कळत नाही. आणि एका सुंदर ग्रुपवर जाऊ नका, पाचातला एक नशिबानेही येतो. छर्रा बदलल्यावर पहिले पंधरा-वीस मोजायचे नाहीत, नळी नव्या शिशाला सरावते.

छर्ऱ्याचा वाकलेला घेर (मागची पोकळ, रुंद कड) मात्र काहीही करून चालत नाही. छर्रे काचेवर उभे करून बघा. एखादा डुलतो, एखाद्याच्या घेराला चपटी कड असते. तो सरळ बाजूला. स्वस्त डब्यात शंभरात आठ-दहा असे निघाले, चांगल्या डब्यात एखाद-दुसरा. पिशवीत खुळखुळत आलेले सुटे छर्रे घेऊच नका.

दुर्बिणीबद्दल थोडक्यात. स्प्रिंग रायफल आधी मागे आणि पिस्टन टोकाला आपटला की पुढे झटका देते. साधी दुर्बीण मागच्या झटक्यासाठी बनलेली असते, पुढच्या झटक्याने तिची आतली तार ढिली होते. ‘एअरगनसाठी’ असं स्पष्ट लिहिलेली आणि १० मीटरपासून फोकस होणारीच घ्या, नाहीतर डोळा जरा हलला की क्रॉस टार्गेटवर सरकतो. रायफलीवरच्या पट्टीला दुर्बीण धरून ठेवायला मागे खिळीवाला माउंट लागतो. इथे पहिला माउंट दोनशे छर्ऱ्यांत चार मिमी मागे सरकला होता.

पकड हलकी. डावा पंजा उघडा, रायफल त्यावर नुसती ठेवलेली, उजव्या हाताची पकड कुणाशी हात मिळवल्याइतकी. नळी किंवा दस्ता थेट विटेवर टेकवला की छर्रा टणक बाजूपासून दूर फेकला जातो. हे करून बघा, पाच मिनिटांत पटेल.

ट्रिगर हा या रायफलीचा खरा कमीपणा. ओढ लांब आणि खरखरीत, स्प्रिंग काट्यावर दीड किलोच्या वर. आतला अडकवा (ताणलेला पिस्टन अडवून ठेवणारा खटका) घासून हलका करायचे व्हिडिओ सापडतात. करू नका. छर्रा भरताना बोटं नळीच्या मागच्या तोंडाशी असतात, अडकवा सुटला तर नळी जोरात मिटते आणि बोट जातं. भरताना दुसऱ्या हाताने नळी धरून ठेवायची सवय लावा, हलका ट्रिगर असो वा जड.

पावसाळ्यात नळीला बाहेरून आठ दिवसांत तांबूस ठिपके येतात, फोमच्या केसमध्ये तर लवकरच. मारून झाल्यावर तेलाच्या फडक्याने बाहेरून पुसून उघड्यावर उभी ठेवली की येत नाहीत. आतून दर पाचशे छर्ऱ्यांनी कोरडं फडकं ओढा. आणि शिसं हाताळल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय पोह्यांना हात लावू नका.