शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष: जुना सदस्य की नवा पालक?

जिल्हा परिषदेच्या किंवा नगरपालिकेच्या शाळेत दर 2 वर्षांनी पालकसभा बसते आणि तासाभरात समिती ठरून जाते. अध्यक्षपदाला बहुतेक वेळा दोन नावं पुढे येतात. एक, आधी एखाद-दोन मुदती समितीवर काढलेला पालक. दुसरा, पहिल्यांदाच उभा राहणारा. ग्रामपंचायतीला उभं राहायचं तर शपथपत्रात मालमत्ता, गुन्हे, शिक्षण सगळं लिहून द्यावं लागतं. इथे तसलं काही नाही. उमेदवाराची पार्श्वभूमी शाळेच्याच कपाटात शोधावी लागते.

आधी पात्रता बघा, कारण कधी कधी तिथेच निकाल लागतो. समितीत 12 ते 16 सदस्य असतात, त्यातले 75 टक्के पालक आणि एकूण निम्म्या महिला. 12 जणांची समिती असेल तर 9 पालक. उरलेल्या 3 जागा स्थानिक लोकप्रतिनिधी, शिक्षक आणि शिक्षणतज्ज्ञ यांच्या. मुख्याध्यापक सदस्य-सचिव असतात. अध्यक्ष आणि उपाध्यक्ष पालकांमधूनच निवडायचे. त्यामुळे 'सदस्य साहेबांनाच अध्यक्ष करू' हा गावातला लाडका तोडगा बसत नाही. ग्रामपंचायत सदस्य लोकप्रतिनिधीच्या जागेवर आला असेल तर तो अध्यक्ष होऊ शकत नाही. त्याचं मूल त्या शाळेत असेल आणि तो पालकांच्या जागेवर निवडून आला असेल, तर गोष्ट वेगळी.

मग मूल कितवीत आहे ते विचारा. चौथीपर्यंतच्या शाळेत जुन्या सदस्याचं मूल चौथीत असेल, तर पुढच्या जूनमध्ये ते शाळा सोडणार आणि पालक म्हणून बसायचा आधारच जाणार. 2 वर्षांची मुदत, माणूस 1 वर्षाचा. पहिली-दुसरीतल्या मुलाची आई इथे सरळ पुढे आहे.

जुन्या सदस्याच्या निवडीचा इतिहास सांगताना 'दोनदा बिनविरोध' हे मोठेपणाने सांगितलं जातं. त्याला फार किंमत देऊ नका. सभेला 15 पालक आले असतील तर बिनविरोध म्हणजे फक्त दुसरं कुणी उठलं नाही. निवडीच्या सभेचं इतिवृत्त काढा आणि हजेरीच्या सह्या मोजा. पटाशी ताडून बघा. सूचक-अनुमोदक कोण, तेही पाहा. दोन्ही वेळा तेच दोघे आणि तेही घरातलेच असतील, तर काय ते समजून घ्या.

खरी परीक्षा प्रोसिडिंग बुकात, म्हणजे बैठकांचं इतिवृत्त लिहायच्या वहीत असते. बैठक महिन्याला एक व्हायला हवी, म्हणजे 2 वर्षांत सुट्ट्या सोडूनही वीसेक. शाळा दरवर्षी सरकारला आपली माहिती भरून देते त्या युडायस प्लसच्या प्रपत्रात मागच्या वर्षीच्या बैठकांचा रकाना असतो; तिथला आकडा आणि वहीतल्या बैठका जुळतात का ते बघा. सलग चार बैठका एकाच पेनाने, एकाच बसणीत लिहिल्यासारख्या दिसल्या तर वही घरोघर फिरवून सह्या घेतलेल्या असण्याची शक्यता दाट. महिला सदस्याच्या नावापुढे नवऱ्याची सही हा नेहमीचा प्रकार.

ठराव वाचताना एकच काम धरून त्याच्या मागे जा. समजा, पाण्याच्या टाकीचा नळ. 'नळ दुरुस्तीचे सर्वानुमते ठरले' हे वाक्य जुलै, ऑगस्ट, ऑक्टोबर अशा तीन बैठकांत आलं असेल, तर अध्यक्षाने विषय मांडला पण मार्गी लावला नाही. ठरावात रक्कम आहे का? मग कीर्दीत (रोजच्या जमाखर्चाच्या वहीत) तो खर्च, त्याचं व्हाऊचर, नवीन वस्तू असेल तर साठा नोंदवहीत नोंद, अशी साखळी लागली पाहिजे. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून शाळेला मिळणाऱ्या संयुक्त शाळा अनुदानातला किमान 10 टक्के भाग स्वच्छतेवर जायला हवा. मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी नसेल तर तो भाग कुठे गेला, हे जुन्या अध्यक्षालाच विचारायचं. त्याने न चिडता उत्तर दिलं, तर ती मोठीच जमेची बाजू.

पोषण आहारावरून माणूस आणखी लवकर कळतो. पहिली ते पाचवीला रोज मुलामागे 100 ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला 150 ग्रॅम. पहिली ते पाचवीची 40 मुलं हजर असतील तर 4 किलो तांदूळ निघायला हवा. हजेरीपट 33 दाखवतो आणि आहाराची नोंद 40, असं वारंवार असेल आणि खाली अध्यक्षाची सही असेल, तर त्याने न वाचता सही केली.

नव्या पालकाची अशी कुठलीच वही नसते. ही त्याची सोय आणि हीच अडचण. पालकसभांना तो किती वेळा आला हे हजेरीतून कळेल. बाकी दोन गोष्टी तोंडावर विचारा. महिन्यातला एक दिवस शाळेच्या वेळेत देता येईल का? आणि मुख्याध्यापकांनी कोरा चेक सहीसाठी पुढे केला तर काय करशील? 'सर सांगतील तसं' असं उत्तर आलं, तर निष्काळजी जुना आणि भिडस्त नवा यांत फारसा फरक उरत नाही.

जुन्याच्या बाजूने एक मुद्दा मात्र भक्कम आहे. शाळा विकास आराखडा 3 वर्षांचा असतो आणि समिती 2 वर्षांची. नवा अध्यक्ष आला की अर्धा आराखडा दुसऱ्याचा असतो आणि बहुतेक वेळा तो कपाटातच राहतो. म्हणून वह्या स्वच्छ निघाल्या आणि मूल अजून 2 वर्षं शाळेत असेल, तर जुन्यालाच ठेवा. वह्या स्वच्छ, पण मूल शेवटच्या वर्गात असेल, तर नव्याला अध्यक्ष करा आणि जुन्याला उपाध्यक्ष; वर्षभरात आराखडा हातात येतो. वह्यांत गोंधळ असेल तर नवाच घ्या, भले त्याला कीर्द वाचता येत नसो. ते दोन बैठकांत शिकता येतं.

वह्या बघायला मिळत नसतील तर माहिती अधिकाराचा अर्ज करा, 10 रुपये शुल्क लावून. उत्तराला 30 दिवस लागू शकतात, म्हणून मुदत संपायच्या दीड-दोन महिने आधीच टाका. आणि निवडीच्या दिवशी इतिवृत्त तिथेच लिहून, मोठ्याने वाचून मगच सह्या घ्यायला लावा.