सुई हलली नाही म्हणून चक घेतला

माझ्याकडे मायफोर्ड एमएल सेव्हन आहे. इंग्लंडात नॉटिंगहॅमजवळच्या बीस्टनला बनलेला, साडेतीन इंची सेंटर उंचीचा छोटा लेथ, म्हणजे धातू फिरवत ठेवून कातायचं मशीन. एका कॉलेजने वर्कशॉप मोडताना लिलावात काढला, तो मी सांगलीजवळच्या कुपवाडला आणला. सोबत चार जबड्यांचा चक (कातायची वस्तू घट्ट धरून फिरवणारी पकड) आणि फेसप्लेट होती. तीन जबड्यांचा चक नव्हता, आणि मेट्रिक आटे पाडायला लागणारा 127 दात्यांचा गिअरही नव्हता. जुन्या लेथसाठी हेच सामान शोधत फिरणारे बरेच जण आहेत, त्यांच्यासाठी लिहितोय. माझे 14,500 रुपये गेले, तुमचा हात किंवा डोळा जाऊ नये.

मुंबईतला जुन्या मशिनरीचा एक व्यापारी फोनवर म्हणाला, "साहेब, तुमच्याच मशीनचा ओरिजिनल चक आहे, बॅकप्लेटसकट. डायल लावून दाखवतो." बॅकप्लेट म्हणजे चक ज्या चकतीने लेथच्या फिरत्या दांड्यावर, स्पिंडलवर, बसतो ती; डायल म्हणजे केसाएवढी हालचालही दाखवणारं सुईचं मापक. व्हिडिओ आला. चकात सळई, सळईवर डायल, चक हाताने फिरतोय आणि सुई जागची हलत नाही. मी त्याच संध्याकाळी गिअरसकट सगळे पैसे पाठवले.

त्या व्हिडिओत काहीच खोटं नव्हतं. सळई मात्र लखलखीत होती, नुकतीच टर्न केलेली, म्हणजे कातलेली, आणि तिथेच मी फसलो. चकात धरलेली सळई न सोडता तशीच टर्न केली, तर चक कितीही वाकडा असू दे, ती सरळच फिरणार, कारण तिचा नवा गोल स्पिंडलच्याच मध्यावर कातलेला असतो. जबडे सैल करून तीच सळई पुन्हा धरली की खरं बाहेर येतं. म्हणून विकणाऱ्याला सांगा: ग्राइंड केलेली सळई कॅमेऱ्यासमोर नव्याने धरा, डायलचा पॉइंट थोडा दाबून शून्य करा, एकदा जबड्यांजवळ दाखवा आणि एकदा 100 मिलिमीटर पुढे. कां-कू करणाऱ्याकडून घेऊच नका.

चक राखाडी हॅमरटोन रंगात नव्यासारखा आला. माझ्याकडची ग्राउंड सळई धरली तर सुई पाव मिलिमीटर फिरली. जबडे बाहेर काढून बघितले तर दोघांवर एकच नंबर ठोकलेला, तिसऱ्यावरचा नंबर ग्राइंडरने उडवलेला. म्हणजे तिसरा जबडा दुसऱ्याच कुठल्यातरी चकाचा.

शेजारच्या शेडमधले तात्या चाळीस वर्षं टर्नर होते. त्यांनी चक पूर्ण खोलायला लावला, नुसतं बीडाचं (ओतीव लोखंडाचं) अंग दोरीला टांगलं आणि हातोडीने हलकी टिचकी मारली. धड बीड टणकन वाजतं आणि थोडा वेळ गुंजत राहतं. हे बद्द वाजलं. "पोरा, ह्यो लावू नगंस," एवढंच ते म्हणाले.

थिनरने रंग काढला, त्याखाली खड्डे बुजवायची लांबी (पुट्टी) निघाली. लांबी खरवडली तर जबड्याच्या खाचेच्या कोपऱ्यातून चावीच्या भोकापर्यंत पितळी ब्रेझिंगची (वितळलेल्या पितळेने केलेल्या जोडाची) पिवळी रेघ गेलेली. अंग रॉकेलने भिजवून कोरडं पुसलं आणि वर खडूची भुकटी टाकली, तेव्हा ब्रेझिंगच्या पुढेही केसाएवढी ओली रेघ उमटली, म्हणजे तडा पुढेही होता. हे फिरत्या स्पिंडलवर फुटलं असतं तर जबडा उडून थेट समोर उभ्या माणसाच्या अंगावर आला असता. ज्याने तिथे लांबी भरली त्याला हे ठाऊक होतं. पैशाचं दुःख मी विसरेन, पण ही गोष्ट मला अजून सहन होत नाही.

गिअरची गोष्ट छोटी. मायफोर्डचे चेंज गिअर 20 डीपीचे (दात्यांचं इंची माप), मला आला सव्वा मॉड्यूलचा (मेट्रिक माप). डोळ्याला दाते सारखेच दिसतात. पण 127 दात्यांच्या 20 डीपी गिअरचा बाहेरचा व्यास 163.8 मिलिमीटर भरतो, सव्वा मॉड्यूलचा 161.25. फोनवर व्हर्निअरचा फोटो मागितला असता तर तिथेच कळलं असतं.

व्यापाऱ्याला फोन केला. "सेकंडहँड माल आहे साहेब, परत होत नाही." त्यानंतर फोन उचललाच नाही. माझ्याकडे बिल नव्हतं, नुसती कच्ची चिठ्ठी, तीही बिनसहीची. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पण चिठ्ठीवर पुढे काही सरकलं नाही.

बॅकप्लेटही निकामीच होती. आटे स्पिंडलवर चढायचे, पण आट्यांच्या मागचा साधा गोल भाग, म्हणजे रजिस्टर, ज्यावर प्लेट मध्यात बसते, तिथे बोरिंग मोठं करून ठेवलेलं. नुसते आटे चकाला मध्यात धरत नाहीत. शेवटी बीडाचं कच्चं कास्टिंग आणलं. आधी स्पिंडलच्या नाकाची, म्हणजे चक चढतो त्या टोकाची, हुबेहूब नक्कल टर्न केली, सव्वा इंची रजिस्टर आणि 1⅛ इंचावर इंचाला 12 आटे. मग कास्टिंग चार जबड्यांत धरून त्या नकलेवर बसवून बघत बघत आटे पाडले. चकाकडची बाजू प्लेट स्वतःच्या स्पिंडलवर चढवल्यावरच फिनिश केली. त्यावर नवा चक बसवला. आता सुई मिलिमीटरच्या तीन शतांशाच्या आत आहे.

जुना चक मी अख्खा भंगारात दिला नाही. दिला असता तर महिन्याभरात पुन्हा रंग लागून कुणाच्या तरी फोनवर त्याचा व्हिडिओ गेला असता. ऐरणीवर ठेवून घण घातला. तिसऱ्या घावाला तो त्याच रेघेवर दुभंगला, आत थोडं पितळ आणि बाकी सगळा जुना काळा गंज. तुकडे वेगवेगळ्या पोत्यांत घालून भंगारवाल्याला दिले.