साइटवरची नावं आणि लिंका स्मॉल करायच्या आहेत: सर्व्हरवर सोपवावं, सेड चालवावं की स्क्रिप्ट लिहावी?

विंडोज होस्टिंगवर वर्षानुवर्षं बिनतक्रार चाललेली साइट लिनक्सवर नेली की निम्मी चित्रं का दिसेनाशी होतात, हे इथवर आलेल्यांना माहीत असणारच: विंडोज फाइलींच्या नावातलं लहान-मोठं अक्षर एकच मानतं, लिनक्स वेगळं मानतं. सगळी नावं स्मॉल लेटरमध्ये आणायची, हेही बहुतेकांचं ठरलेलं असतं. गाडी अडते ती हे कशाने करायचं यावर. माझ्याकडे एका संस्थेची जुनी मराठी साइट होती. सुरुवात फ्रंटपेजमध्ये, मधली वर्षं ड्रीमवीव्हरमध्ये (दोन्ही वेबपानं बनवायची सॉफ्टवेअरं) आणि शेवटी ज्याच्या हाती नोटपॅड लागलं त्याच्या मर्जीने. म्हणजे नावं लिहिण्याच्या तीन तऱ्हा. त्या कामात मी जे पर्याय पडताळले त्यांच्याबद्दल लिहितो. वर्डप्रेससारख्या डेटाबेसवाल्या साइटींचं गणित वेगळं असतं, त्यांना यातलं फारसं लागू नाही.

फाइलींना नवी नावं देणं हा सोपा अर्धा भाग, तो पटकन उरकू. विंडोजवर टोटल कमांडर या फाइली हाताळायच्या सॉफ्टवेअरमध्ये कंट्रोल-एम दाबलं की एकगठ्ठा रीनेम करण्याची खिडकी उघडते आणि स्मॉल लेटरचा पर्याय तिथेच असतो. लिनक्सवर रीनेम नावाची कमांड आहे, पण डेबियन-उबुंटूवरची पर्लमधली आणि फेडोराच्या घराण्यातली वेगळी. नेटवरून उचललेली ओळ आपल्या मशीनवर चालेलच असं नाही. फोल्डरची नावं बदलताना आतून बाहेर यायचं, म्हणजे फाइली शोधणाऱ्या फाइंड कमांडला डेप्थचा पर्याय द्यायचा, नाहीतर बापाचं नाव आधी बदलतं आणि पोरं सापडत नाहीत.

एक सावधगिरी मात्र खरोखर महत्त्वाची. साइट आधीच लिनक्सवर गेली असेल आणि कोणी मधल्यामधे डागडुजी केली असेल, तर एकाच फोल्डरमध्ये कॅपिटल एलचा लोगो आणि स्मॉल एलचा लोगो अशा दोन फाइली नांदत असतात, आणि त्यातला एक जुना असतो. लिनक्सवरची नाव बदलणारी एमव्ही कमांड न विचारता एकावर दुसरी चढवते. तिला 'असलेल्या फाइलीवर लिहू नको' हा पर्याय द्या. फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणारं गिट वापरत असाल तर विंडोजवर नुसतं एक्सप्लोररमधून नाव बदलू नका, अक्षराच्या आकाराचा फरक गिट तिथे सहसा मनावर घेत नाही. गिट एमव्ही वापरा.

आता लिंकांकडे.

पहिला पर्याय म्हणजे फाइलींना हातच लावायचा नाही. अपाची या वेब सर्व्हरमध्ये मॉड स्पेलिंग नावाचं मॉड्यूल आहे. (त्याच्या इंग्रजी नावात एक एल मुद्दाम गाळलेला आहे. कोणाची तरी गंमत.) ते चालू केलं आणि फक्त लहान-मोठ्या अक्षरांचा फरक पाहायला सांगितलं की चुकीच्या आकारात मागितलेली फाइल ते फोल्डरमध्ये शोधतं आणि ब्राउझरला ३०१ ('पत्ता कायमचा बदलला' हा निरोप) देऊन बरोबर पत्त्यावर पाठवतं. होस्टिंगवाल्याने मॉड्यूल ठेवलं असेल तर फोल्डरमधल्या सेटिंगच्या फाइलीतल्या, म्हणजे एचटीअ‍ॅक्सेसमधल्या दोन ओळींत काम होतं. शुक्रवारी संध्याकाळी साइट हलवली आणि शनिवारी संस्थेचा कार्यक्रम आहे, अशा वेळी मी दुसरं काही सुचवणार नाही.

पण त्यावर कायमचं विसंबायला माझं मन घेत नाही. प्रत्येक चुकीच्या चित्रासाठी ब्राउझरला दोनदा हेलपाटा पडतो. मी घड्याळ लावून मोजलेलं नाही, पण फोटोंच्या पानांवर चित्रं अडखळत उमटताना मला दिसायची. शिवाय हे मॉड्यूल फक्त बाहेरून येणाऱ्या मागणीकडे बघतं. सर्व्हरवर चालणाऱ्या पीएचपी कोडच्या आत इन्क्लूड करून कॅपिटल एचवालं हेडर ओढलं असेल, तर ती मागणी थेट फाइल सिस्टिमकडे जाते आणि तिथे कोणी मदतीला येत नाही. एनजिनएक्स या दुसऱ्या वेब सर्व्हरवर तर हा पर्यायच नाही. अपाचीच्या रीराइट मॅपमध्ये (पत्ते बदलायच्या नियमांत) पत्ता सरसकट स्मॉल करण्याची सोय आहे, पण तो मॅप सर्व्हरच्या मुख्य सेटिंगमध्ये जाहीर करावा लागतो आणि शेअर्ड होस्टिंगवर तिथवर आपला हात पोहोचत नाही.

ड्रीमवीव्हर ज्यांच्याकडे आहे त्यांच्यासाठी एक ओळ: त्याच्या फाइल्स पॅनेलमध्ये नाव बदललं की लिंका बदलू का, असं ते विचारतं आणि बदलतं. वीसेक पानांची साइट असेल तर चहा पिता पिता होईल. शेकडो फाइलींना एकेक करून नाव द्यायचा मला तरी धीर नव्हता.

दुसरा खरा दावेदार म्हणजे सेड, फाइलींतला मजकूर शोधून बदलणारी कमांड. लिनक्सवरच्या ग्नू सेडमध्ये बदलीच्या भागात बॅकस्लॅश आणि कॅपिटल एल लिहिलं की पुढचा मजकूर स्मॉल होतो. मॅकवरच्या सेडला ही युक्ती येत नाही. नोटपॅड प्लस प्लस या विंडोजवरच्या एडिटरला येते, तीही एकदम सगळ्या फाइलींत शोधून. एचरेफ (लिंकेचा पत्ता) आणि एसआरसी (चित्राचा पत्ता) यांच्या अवतरणचिन्हांतलं सगळं स्मॉल कर, अशी एक ओळ चालवली की क्षणात अख्खी साइट बदलते. तो वेग बघितला की दुसरं काही करावंसंच वाटत नाही, हे मान्य.

पहिली खोच बाहेरच्या लिंकांची. पत्त्यातलं डोमेन कसंही लिहा, चालतं. त्याच्या पुढच्या भागात लहान-मोठं अक्षर वेगळं मानलं जातं. यूट्यूबच्या व्हिडिओची ११ अक्षरी ओळख स्मॉल केली की व्हिडिओ गेला. यावर उपाय आहे, एचटीटीपीने सुरू होणाऱ्या लिंका वगळा. दुसरी खोच अशी की फाइलींची नावं फक्त एचरेफ-एसआरसीमध्ये नसतात. जुन्या पानांत ती बॉडीच्या बॅकग्राउंडमध्ये असतात, स्टाइलशीटच्या यूआरएलमध्ये असतात, फ्लॅशच्या पॅरममध्ये, मेटा रिफ्रेशमध्ये आणि बटणावर माउस नेला की चित्र बदलणाऱ्या त्या ड्रीमवीव्हरी जावास्क्रिप्टमध्ये एकेरी अवतरणांत असतात. तिथे त्या फंक्शनचं नावच कॅपिटल एमएमने सुरू होतं. जावास्क्रिप्ट अक्षराचा आकार पाळते, म्हणून अख्खं अ‍ॅट्रिब्यूट स्मॉल करून भागत नाही. मग सेडला दिलेला शोधायचा नमुना रुंद करावा लागतो: एकेरी किंवा दुहेरी, कोणत्याही दोन अवतरणचिन्हांमधलं स्मॉल कर.

माझा निर्णय इथे झाला.

या साइटवरची जुनी पानं युनिकोडमध्ये नव्हती, क्रुती देव या जुन्या फॉन्टमध्ये होती. वर 'फॉन्ट डाउनलोड करा' अशी पट्टी असायची, आठवत असेल. अशा पानांत मजकूर म्हणून असतात ती रोमन अक्षरं आणि चिन्हं, फॉन्ट त्यांना मराठीचा मुखवटा चढवतो. क्रुती देवमध्ये एकेरी अवतरणचिन्ह म्हणजे अर्धा श् आणि दुहेरी म्हणजे अर्धा ष्. संस्थेचं पान म्हटल्यावर शाळा, शिक्षक, शिबिर, शुभेच्छा आलेच. सेडच्या नजरेत एका श पासून पुढच्या श पर्यंतचा मजकूर अवतरणांतला ठरतो आणि ते तो इमानेइतबारे स्मॉल करतं.

पान त्याने मोडून पडलं असतं तर बरं होतं, लगेच दिसलं असतं. पण क्रुती देवमध्ये कॅपिटल ई म्हणजे अर्धा म् आणि स्मॉल ई म्हणजे पूर्ण म. म्हणजे 'म्हणून'चं 'महणून' होतं. कॅपिटल जी म्हणजे ळ, स्मॉल जी म्हणजे ह. 'शाळा'ची 'शाहा' होते. वाचणाऱ्याला वाटतं टायपिंग करणाऱ्याचं शुद्धलेखन कच्चं आहे. साइट बिघडली असं कोणी म्हणतच नाही. प्रयोगाच्या कॉपीवर डिफ (दोन फाइलींतले फरक दाखवणारी कमांड) चालवून ओळी वाचत बसलो तेव्हा हे ध्यानात आलं. नुसतं पान उघडून वरवर पाहणाऱ्याच्या नजरेतून ते सुटलं असतं.

नमुना आणखी घोटून हे टाळता येतं, नाही असं नाही. शेवटच्या अवतरणचिन्हाआधी जीआयएफ, जेपीजी, एचटीएम असा शेवट हवा अशी अट घाला, फायदा होतो. ज्यांची साइट पहिल्यापासून युनिकोडमध्ये आहे त्यांना या पुराणाशी काही देणंघेणं नाही. त्यांनी सेड वापरलं तर मी नाक मुरडणार नाही. 'आधी सगळं युनिकोडमध्ये आणा' हा सल्लाही योग्यच आहे, फक्त रूपांतरानंतर एकेक पान तपासायला माणूस लागतो आणि संस्थेकडे तो नव्हता.

मी शेवटी पायथन या भाषेत छोटी स्क्रिप्ट लिहिली. तिचा विचार सेडच्या उलट दिशेने चालतो. सेड विचारतं, हा मजकूर लिंकेसारखा दिसतो का? स्क्रिप्ट विचारते, या नावाची फाइल आपल्याकडे आहे का? आधी डिस्कवरच्या सगळ्या फाइलींची स्मॉल नावांसह यादी करायची, दोन नावं एकच होत असतील तर तिथेच थांबून ओरडायचं. मग प्रत्येक पानातला फाइलीसारखा दिसणारा तुकडा घ्यायचा, प्रश्नचिन्ह किंवा हॅशपासूनचा भाग बाजूला ठेवायचा, टक्के-वीसच्या (पत्त्यात स्पेस अशी लिहिलेली असते) ठिकाणी साधी स्पेस घालायची, पान ज्या फोल्डरमध्ये आहे तिथून पत्ता जोडायचा आणि तो यादीत सापडला तरच बदलायचा. सापडला नाही तर हात न लावता वेगळ्या यादीत टाकायचा. यूट्यूब सुटतं, फंक्शनची नावं सुटतात, आणि 'शाळा' नावाची फाइल नसल्यामुळे शाळाही सुखरूप राहते.

एक बारीक गोष्ट: फाइली मजकूर म्हणून उघडू नका, बाइट म्हणून उघडा. जुन्या फॉन्टची पानं यूटीएफ-८ म्हणून वाचायला गेलं की पायथन अडून बसतं. बाइटवर लोअर (स्मॉल करणारं फंक्शन) चालवलं की ते फक्त साध्या रोमन अक्षरांना हात लावतं, बाकी बाइट जशाच्या तशा राहतात. ओळींचे विंडोजी शेवटही बदलत नाहीत, त्यामुळे डिफमध्ये फक्त खरे बदल दिसतात.

न सापडलेल्या नावांची ती यादी मला सगळ्यात जास्त उपयोगी पडली. त्यात कोणाच्या तरी सी ड्राइव्हवरच्या माय डॉक्युमेंट्सकडे बोट दाखवणारी चित्रं निघाली, जी त्या एका कॉम्प्युटरवर दिसत असणार आणि जगात दुसरीकडे कुठेही नाही. विंडोजवर असतानाही ती तुटलेलीच होती.

स्क्रिप्टला उणिवा आहेत. जावास्क्रिप्टमध्ये फोल्डर, आकडा आणि एक्स्टेन्शन जोडून नाव बनवलं असेल तर ते तिला कळत नाही, त्यासाठी साइट चालू झाल्यावर ४०४चा ('फाइल सापडली नाही'चा) लॉग बघावाच लागतो. आणि ती लिहायला एखादी संध्याकाळ जाते. दहा पानांच्या साइटीसाठी मी तरी ती घालवणार नाही, हाताने करीन.

नावं बदलल्यावर मॉड स्पेलिंगला पुन्हा बोलवा, या वेळी उलट कामासाठी. लोकांच्या बुकमार्कमध्ये आणि सर्च इंजिनांत जुने कॅपिटल पत्ते असतात, त्यांना नव्या जागी पोचवायला ते चांगलं. ते नसेल तर स्क्रिप्टकडे जुन्या-नव्या नावांच्या जोड्या असतातच, त्यातून फक्त एचटीएमएल पानांचे रीडायरेक्ट छापून घ्या. चित्रांचे नसले तरी चालतात.

आणि कॅमेऱ्यातून उतरवलेले फोटो पुढेही कॅपिटल डीएससी आणि कॅपिटल जेपीजी घेऊनच येणार, मेमरी कार्डवर नावं तशीच पडतात. म्हणून स्क्रिप्टमध्ये 'बदलू नको, फक्त यादी दे' असा एक पर्याय पहिल्याच दिवशी घालून ठेवा आणि प्रत्येक अपलोडच्या आधी तो चालवा.