कर्म की पूरक? ऑक्सफर्ड अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी उघडा

मी घरी नववी-दहावीच्या मुलांचं इंग्रजी घेते. बाजारातली बरीच गाइडं एकच युक्ती देतात: क्रियापदाला ‘काय?’ विचारा, उत्तर आलं की ते कर्म. मग ‘शी बिकेम अ डॉक्टर’मधल्या डॉक्टरखालीही पोरं बिनधास्त ‘कर्म’ लिहितात आणि हातचे मार्क घालवतात. फार जीव तुटतो.

इथे ही डिक्शनरी कामाला येते. ‘बिकम’ काढलं की समोर ‘लिंकिंग व्हर्ब’ असतं. म्हणजे पुढचं नाम कर्त्याचीच ओळख सांगतं; ते पूरक. ‘मीट’ ट्रान्झिटिव्ह, म्हणजे सकर्मक, म्हणून ‘शी मेट अ डॉक्टर’मधला डॉक्टर दुसराच कोणी, तो कर्म.

खरी कसोटी ‘मेक’ची. ‘दे मेड हिम टी’ आणि ‘दे मेड हिम कॅप्टन’ मी एकाखाली एक लिहून देते आणि मुलांनाच विचारते, तो कॅप्टन झाला, पण तो चहा झाला का? लगेच पटतं. चहा हे प्रत्यक्ष कर्म, कॅप्टन हे ‘हिम’चं पूरक. डिक्शनरीत या रचना वेगवेगळ्या दाखवल्यात, उदाहरणांसकट.

या डिक्शनरीचे मूळ संपादक ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवायचे. मूळ कोश १९४२ साली तिथेच निघाला, १९४८ला ऑक्सफर्डने काढला. परक्या भाषेत शिकणाऱ्याचं घोडं कुठे अडतं, हे त्यांना नेमकं ठाऊक होतं.

जाडजूड प्रत दप्तरात मावत नाही, पण वेबसाइटवर शब्द फुकट बघता येतात. आधी ‘ग्रो’ बघा: ‘ग्रो राइस’ आणि ‘ग्रो ओल्ड’.