बडोद्याहून टोरांटो: माइल्सवरचं एकच तिकीट, की दिल्लीपासूनचं वेगळं?

कार्डाचे पॉइंट साठले आहेत, त्यांचे माइल्स करून आई-बाबांना टोरांटोला पाठवायचं आहे, आणि आपण राहतो बडोद्यात. या मुक्कामाला मी दोनदा आलो आणि दोन्ही वेळा वेगळा रस्ता धरला. पहिल्या खेपेला दिल्ली-टोरांटो माइल्सवर काढलं आणि बडोदा-दिल्ली रोख पैशांनी वेगळं. दुसऱ्या खेपेला बडोद्यापासून टोरांटोपर्यंत सगळं एकाच अवॉर्ड तिकिटावर, म्हणजे माइल्स देऊन काढलेल्या तिकिटावर. माझ्या मावसभावाला सध्या हाच प्रश्न पडला आहे, आणखीही काही ओळखीच्यांनी विचारलं, म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवतो. पॉइंट कसे मिळवायचे हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो. स्टार अलायन्स म्हणजे एकमेकांचे माइल्स चालवून घेणाऱ्या विमान कंपन्यांचा गट; एअर इंडिया, एअर कॅनडा, सिंगापूर एअरलाइन्स, युनायटेड त्यातल्याच.

आधी वेगळ्या तिकिटाची बाजू, कारण ती कमजोर नाही. दिल्लीहून शोधलं तर सीटा पटकन दिसतात. अवॉर्डसाठी विमान कंपनी भागीदारांना ठरावीकच जागा सोडते. स्टार अलायन्समध्ये इकॉनॉमीची ती जागा एक्स या बुकिंगच्या वर्गात असते आणि बिझनेसची आय वर्गात. दिल्ली-टोरांटोला अशी एक सीट मिळाली की काम झालं. बडोद्यापासून हवं असेल तर दोन विमानांत, एकाच दिवशी, एकमेकांना जुळणाऱ्या वेळी ही जागा मोकळी असावी लागते. त्यात आपल्या हरणी विमानतळावरून अलायन्सचं विमान म्हणजे फक्त एअर इंडिया. इंडिगो कुठल्याच अलायन्समध्ये नाही, म्हणजे तिची विमानं या हिशेबात धरायचीच नाहीत. वेगळं तिकीट घेतलं तर ही सगळी बंधनं सुटतात. दिल्लीला कोणत्याही विमानाने जा, रेल्वेने जा, आदल्या दिवशी जाऊन नातेवाइकांकडे राहा. भाडंही काही फार नसतं. पहिल्या खेपेला मी हाच विचार केला आणि तेव्हा तो मला अगदी बिनचूक वाटला होता.

मग हरणीच्या काउंटरवर जे झालं, त्यावरून माझं मत बदललं.

ताईचं बाळंतपण होतं. आईने महिनाभर तयारी केली होती. डिंकाचे लाडू, अळिवाचे लाडू, मेतकूट, भाजणी, बाळंतविडा, जुन्या मऊ लुगड्यांची शिवलेली दुपटी. टोरांटोच्या तिकिटावर माणशी 23 किलोच्या दोन बॅगा होत्या, म्हणून दोघांच्या मिळून चार बॅगा घरच्या वजनकाट्यावर नीट मोजून भरल्या. माझ्या ध्यानातून एकच गोष्ट सुटली. बडोदा-दिल्लीचं तिकीट वेगळं होतं आणि त्यावर माणशी 15 किलोच सामान होतं. काउंटरवरच्या मुलीला पुढचं टोरांटोचं तिकीट दाखवलं. तिने सभ्यपणे सांगितलं, ते दुसरं तिकीट आहे, आमच्या नोंदीत तुमचा प्रवास दिल्लीला संपतो. जादा वजनाचे पैसे पाच आकडी झाले.

पैसे मी भरलेही असते. पण आई ऐकेना. ती तिथेच फरशीवर बसली, दोन बॅगा उघडल्या आणि काय ठेवायचं, काय काढायचं हे ठरवू लागली. लाडवांचे डबे तिने हाताने दाबून दुसऱ्या बॅगेत बसवले. दुपटी काढली, परत ठेवली, परत काढली. मागची रांग पुढे सरकत होती आणि तिच्याकडे बघत होती. शेवटी एक बॅग माझ्याबरोबर घरी परत आली आणि राहिलेल्या जादा वजनाचे पैसे भरले. घरी येऊन ती बॅग उघडली तर वरच दुपटी होती.

दिल्लीत पुढचा अंक. बाबांच्या गुडघ्यांमुळे व्हीलचेअर सांगितली होती. पण वेगळ्या तिकिटावरची व्हीलचेअर त्या प्रवासापुरती, ती बाहेरच्या दारापाशी संपली. पट्ट्यावरून बॅगा उतरवून घ्यायच्या, ट्रॉलीवर चढवायच्या, टर्मिनल 3 च्या निर्गमनात जायचं, तिथे पुन्हा रांग, पुन्हा वजन, पुन्हा व्हीलचेअरची विनंती. सत्तरीच्या पुढच्या दोन माणसांनी हे रात्री केलं. फोनवर बाबा म्हणाले, “काही नाही रे, झालं सगळं व्यवस्थित.” त्यांचा आवाज ऐकूनच मला कळलं काय ते.

एकाच तिकिटावर सामानाचा नियम सबंध प्रवासाला एकच लागतो. दुसऱ्या खेपेला त्याच हरणीच्या काउंटरवर माणशी 23-23 किलोच्या दोन बॅगा कोणी काही न विचारता घेतल्या, आणि टॅगवर शेवटचं नाव टोरांटोचं होतं. व्हीलचेअरची विनंतीही तिकिटावरच नोंदलेली, दिल्लीत दुसरा माणूस विमानाच्या दाराशी उभा होता. परतीला मात्र हे सुख अर्धंच. परदेशातून आल्यावर दिल्लीत बॅगा ताब्यात घेऊन कस्टम्समधून न्याव्या लागल्या आणि बडोद्यासाठी पुन्हा सोपवाव्या लागल्या. पण तेव्हा बॅगा हलक्या असतात.

आता हे एक तिकीट मिळवायचं कसं. इथे चिकाटी लागते. वेबसाइटवर बडोदा ते टोरांटो असं टाकून शोधलं आणि “उपलब्ध नाही” आलं, म्हणून सोडून देऊ नका. (बडोद्याचा कोड अजून बीडीक्यू आहे, जुन्या नावावरून. शहराचं नाव टाकून सापडलं नाही तर हा टाका.) आधी दिल्ली-टोरांटो एकटं शोधा आणि मोकळ्या तारखा वहीत उतरवा. मग बडोदा-दिल्ली एकटं शोधा. दोन्ही दिसत असतील तर वेबसाइटवरच्या मल्टिसिटी या, प्रवासाचे तुकडे एकेक करून भरायच्या पर्यायातून जोडून बघा, नाहीतर फोन करा. आंतरराष्ट्रीय प्रवासात मधला थांबा 24 तासांच्या आत असेल तर तो जोडविमानाचाच थांबा धरतात. त्यामुळे संध्याकाळच्या विमानाने दिल्लीला जाऊन दुसऱ्या दिवशीचं टोरांटोचं विमान धरलं तरी तिकीट एकच राहू शकतं. फक्त इतक्या लांब थांब्यात बॅगा थेट जातील का, हे बुकिंगच्या वेळीच विचारून घ्या.

मला हे जमायला दहा-बारा रात्री लागल्या. एकदा तर सीट स्क्रीनवर दिसत होती, नावं भरली, कार्डाचे तपशील दिले आणि शेवटच्या बटणाला “त्रुटी” आली. चार वेळा हेच. फोनवर कळलं की ती जागा प्रत्यक्षात नव्हतीच. जाणकार याला फँटम सीट म्हणतात. तो कोणत्या विमान कंपनीचा माइल्सचा कार्यक्रम होता, त्याचं नाव घेत नाही, कारण हे कमीजास्त सगळीकडे घडतं. पण म्हणूनच एक गोष्ट कळकळीने सांगतो: बँकेतले पॉइंट माइल्समध्ये गेले की परत येत नाहीत. सीट अलायन्सच्या दुसऱ्या एखाद्या कार्यक्रमाच्या वेबसाइटवरही दिसते का हे ताडून पाहा, जमल्यास फोनवर खात्री करा, आणि मगच पॉइंट पाठवा.

माइल्स जास्त जातात का, हा पुढचा प्रश्न. माझ्या बाबतीत नाही गेले, आणि त्यामागे एक गणित आहे. एअर कॅनडाच्या एरोप्लान या माइल्सच्या कार्यक्रमात भागीदारांच्या तिकिटाची किंमत विभाग आणि उडालेलं अंतर यांवर ठरते. उत्तर अमेरिका आणि आपला विभाग यांच्यात एक टप्पा 6,001 ते 8,000 मैलांचा आहे. दिल्ली-टोरांटो थेट साधारण सव्वासात हजार मैल, बडोदा-दिल्ली सुमारे 500. बेरीज 8,000 च्या आतच राहते, म्हणजे बडोद्याचा तुकडा त्याच टप्प्यात बसतो. तेच फ्रँकफर्टवरून गेलात तर दिल्ली-फ्रँकफर्ट सुमारे 3,800, फ्रँकफर्ट-टोरांटो सुमारे 3,940, त्यात आपले 500 मिळवले की 8,000 ओलांडतात आणि वरचा टप्पा लागतो. म्हणून आधी थेट विमानाची सीट बघावी. भाडंही वेगळं द्यावं लागत नाही, हा वरचा फायदा.

वेळापत्रकाचं मात्र भान ठेवा. अवॉर्डच्या सीटा साधारण अकरा महिने आधी उघडतात आणि हुशार माणूस तेव्हाच घेतो. पण विमानांचं वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलतं, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून. बडोद्यासारख्या ठिकाणची विमानं त्यात हमखास इकडेतिकडे होतात. आमचंही झालं, सकाळचं विमान दुपारवर गेलं आणि दिल्लीचं जोडविमान तुटलं. तिकीट ज्यांनी दिलं ते म्हणाले विमान कंपनीला विचारा, विमान कंपनी म्हणाली तिकीट ज्यांनी दिलं त्यांना विचारा. यात एक आठवडा मनस्तापात गेला, हे लपवत नाही. पण शेवटी आदल्या संध्याकाळचं विमान बिनपैशांनी मिळालं, कारण तिकीट एक होतं आणि ते जुळवून देणं ही तिकीट देणाऱ्यांची जबाबदारी होती. वेगळं तिकीट असतं तर दिल्लीचं विमान कोणीही धरून ठेवलं नसतं. अशा वेळी उपयोगी पडतो तो 13 आकडी तिकीट नंबर. त्याचे पहिले तीन आकडे तिकीट कोणी दिलं ते सांगतात: 014 म्हणजे एअर कॅनडा, 618 सिंगापूर, 098 एअर इंडिया. तो नंबर आणि विमान कंपनीचा वेगळा पीएनआर, दोन्ही लिहून ठेवा. वेळापत्रक बदलल्यावर नवा तिकीट नंबर निघाला का, तेही पाहा. निव्वळ “कन्फर्म” या शब्दावर विसंबू नका.

एका तिकिटाची एक सक्ती आहे, ती आधीच घरात सर्वांना सांगा. पहिला तुकडा सोडून चालत नाही. “बडोद्याचं विमान राहू दे, आम्ही राजधानीने दिल्ली गाठतो,” असं ऐनवेळी केलंत तर पुढचं सगळं तिकीट रद्द होतं.

कोणत्या कार्यक्रमात माइल्स पाठवायचे, यावर थोडक्यात. एरोप्लान भागीदारांच्या तिकिटावर इंधन अधिभार लावत नाही, दर तिकिटाला 39 कॅनेडियन डॉलर बुकिंगचे घेतो, आणि खात्यात 18 महिने काहीच हालचाल झाली नाही तर पॉइंट जातात. सिंगापूरच्या क्रिसफ्लायरचे माइल्स 36 महिने टिकतात, मधे हालचाल झाली तरी मुदत वाढत नाही. तिथे दुसऱ्यासाठी तिकीट काढायचं तर आधी त्याचं नाव नामांकितांच्या यादीत घालावं लागतं आणि यादी पाच जणांची. आई, बाबा, सासू, सासरे, बायको इथेच ती भरते, तेव्हा मुलांचा विचार आधी करून ठेवा. युनायटेडचे माइल्स मुदतीने संपत नाहीत, पण किंमतीचा ठरलेला तक्ता तिथे नाही. आई-बाबांना कॅनडाला पाठवायचं असेल तर मी एरोप्लानकडे झुकतो.

सगळ्यांना हेच लागू पडेल असं मात्र नाही. ज्यांचं माणूस सिडनी किंवा मेलबर्नला आहे, त्यांनी दिल्लीच्या वाटेला जाऊच नये. सिंगापूर एअरलाइन्स अहमदाबादहून उडते, एक्सप्रेसवेने गाडी थेट दारात जाते आणि डिकीत 46 किलो कोणी मोजत नाही. एकट्या विद्यार्थ्याला पाठीवरची सॅक आणि एक बॅग घेऊन जायचं असेल तर वेगळ्या तिकिटाने काही बिघडत नाही. सीट अगदी ऐनवेळी हवी असेल तर बडोद्यापासून जुळण्याची आशा कमीच, तेव्हा दिल्लीपासूनचं मिळेल ते घ्यावं आणि दिल्लीला सामानासकट रेल्वेने जावं. वयस्कर माणसं आणि चार बॅगा असतील तर मात्र महिनाभर रात्री शोधायला लागल्या तरी मी एकच तिकीट शोधीन.

मावसभावाला शेवटी एवढंच सांगितलं की हरणीच्या काउंटरवर बॅग पट्ट्यावर सरकण्याआधी वाकून टॅग वाच. त्यावर वायवायझेड असेल तर ती थेट टोरांटोला उतरेल. डीईएल असेल तर तिथेच थांबव आणि टॅग बदलून घे. दुसऱ्या खेपेला आईने स्वतः वाचला होता, चष्मा लावून, चारही बॅगांवरचा.