म्युनिकला प्रोजेक्टवर येताय? घराचं डिपॉझिट भरायच्या आधी हे वाचा

वर्षभराच्या आतल्या प्रोजेक्टसाठी म्युनिकला येणाऱ्यांसाठी लिहितोय. कंपनी सुरुवातीचे काही आठवडे हॉटेल देते, पुढे तुमचं तुम्ही बघा. इथे घर मिळणं म्हणजे दिव्य आहे, मालक शुफाचा (म्हणजे इथल्या सिबिलसारख्या संस्थेचा) क्रेडिट रिपोर्ट मागतो, पगाराच्या स्लिपा मागतो आणि नवीन आलेल्या माणसाकडे यातलं काहीच नसतं.

फसवणारे स्वस्त भाडं दाखवतात असं सगळे सांगतात. माझ्या केसमध्ये भाडं अजिबात स्वस्त नव्हतं, आमिष होतं ते आनमेल्डुंगचं, म्हणजे पत्त्याच्या नोंदणीचं. जर्मनीत घरात राहायला गेलात की दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची असते, त्याला घरमालकाच्या सहीचा कागद लागतो, नोंदणी झाली की टॅक्स आयडी पोस्टाने येतो आणि तो नसेल तर पगारातून सहाव्या क्लासने म्हणजे सगळ्यात जड टॅक्स कापला जाऊ शकतो. थोड्या महिन्यांसाठी घर देणारे बरेच मालक हा कागद द्यायला सरळ नाही म्हणतात. मला घर देऊ करणाऱ्या माणसाने पहिल्याच मेलमध्ये लिहिलं की कागद मिळेल, शुफा नको, कॉन्ट्रॅक्ट तुमच्या प्रोजेक्टच्या तारखेपर्यंत करू. बाहेरून आलेल्याची नड कुठे आहे ते त्याला पाठ होतं!

तो म्हणे इंजिनिअर, नोकरीसाठी दुसऱ्या देशात गेलाय म्हणून फ्लॅट बघायला उघडता येणार नाही, चावी कुरिअरने येईल. स्वतःच्या पासपोर्टची कॉपी पाठवली, जर्मन भाषेतलं कॉन्ट्रॅक्ट पाठवलं, त्यात हीटिंग-पाण्याचा खर्च वेगळा लिहिलेला, सगळं अगदी व्यवस्थित. मग म्हणाला भाडेकरूची ओळख पडताळायचीय, एक लिंक पाठवतो, व्हिडिओ कॉलवर पासपोर्ट दाखवा, समोरच्याने विचारलं तर अकाउंट उघडतोय म्हणा, तो नुसता टेस्ट अकाउंट असतो. तेही झालं.

नंतर डिपॉझिट. इथे कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांचं नुसतं भाडं (हीटिंग-पाण्याचा खर्च सोडून) एवढंच डिपॉझिट घेता येतं आणि भाडेकरूला ते तीन हप्त्यांत भरायचा हक्क आहे, पहिला हप्ता भाडेकरार सुरू होताना. याने आकडा बरोबर तीन महिन्यांचाच सांगितला, पण चावी निघायच्या आधी सगळा एकदम. इन्स्टंट ट्रान्सफर केला, दहा सेकंदांत पैसे गेले. ऑक्टोबर 2025 पासून युरो देशांत बँक आयबॅन (म्हणजे खाते क्रमांक) आणि नाव जुळतंय का ते दाखवते, माझ्याकडे नाव पूर्ण जुळलं, आयबॅनही जर्मनीचाच. त्यामुळे 'नाव मॅच झालं म्हणजे सेफ' असं कोणी सांगितलं तर हसून सोडून द्या.

चावी अर्थातच आली नाही, मेल बंद. आणि मग एका मुलाचा लिंक्डइनवर मेसेज आला, की सर, डिपॉझिट भरलंय, फ्लॅटची चावी कधी पाठवताय?

म्हणजे माझ्या पासपोर्टवर आता मी घरमालक झालो होतो. व्हिडिओ कॉलवर जे उघडलं गेलं ते माझ्या नावाचं खरंखुरं बँक अकाउंट होतं, त्या मुलाचे पैसे त्यातूनच पुढे गेले. ज्याच्या नावाने मी पैसे भरले तोही बहुतेक असाच कोणीतरी आधी फसलेला माणूस, खरा चोर कुठल्याच कागदावर नाही. फ्लॅटचे फोटो इमेज सर्चला टाकले तर ते एका हॉलिडे अपार्टमेंटचे निघाले.

पैशांचं सांगायचं तर माझ्या बँकेने परत मागून बघितले, पण समोरचं अकाउंट तोवर रिकामं होतं. पण असं तुमच्याबाबतीत झालं तर पैशांच्या आधी आपल्या नावाने उघडलेल्या अकाउंटच्या मागे लागा, कारण माझ्याच नावाने लोकांचे पैसे जमा होतायत म्हटल्यावर पोलीस चौकशी आधी माझ्याकडेच येणार. पोलिसात तक्रार करा, तिचा केस नंबर घ्या, तो ज्या बँकेत अकाउंट उघडलंय तिला द्या आणि बंद करायला लावा. शुफाकडेही ओळखीचा गैरवापर झाल्याची नोंद करता येते, तीही करा, नाहीतर पुढे फोनचं साधं कॉन्ट्रॅक्ट घेतानाही अडेल. त्या मुलालाही मी माझा केस नंबर दिलाय, त्याने स्वतःची तक्रार वेगळी केलीय, त्यात आरोपीच्या जागी सध्या माझं नाव आहे.