दीव की रत्नागिरी? समुद्रातल्या गुहा बघायला निघालेल्या पुणेकरांसाठी

परवा ताईचा फोन आला. भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी निघायचंय, चार-पाच दिवस हातात आहेत, पोरांनी कुठंतरी समुद्रातल्या गुहांचे व्हिडिओ बघितलेत आणि तेव्हापासून दुसरं काही ऐकतच नाहीयेत, सासूबाई सत्तरीच्या, गुडघे दुखतात पण घरी थांबायला अजिबात तयार नाहीत, तर सांग, दीवला जाऊ की रत्नागिरीला? मी दोन्हीकडं जाऊन आलोय, रत्नागिरीला तर चार वेळा, त्यामुळं फोनवर अर्धा तास बोललो तरी सांगायचं राहिलंच. अशाच पेचात बरेच जण असतात म्हणून नीट लिहून काढतो.

आधी एक गोष्ट स्वतःशी ठरवून घ्या. गुहेत शिरायचंय, आत फिरायचंय, फोटो काढायचेत, की समुद्र दगड कसा फोडतो ते डोळ्यांनी बघायचंय? ऐकायला सारखंच वाटतं पण दोन्हीची उत्तरं वेगवेगळ्या गावांत आहेत.

दीव म्हणजे गुजरातला लागून असलेलं बेट, तिथली नायडा गुहा घ्या. फोटोत सगळ्यात भारी तीच दिसते, वरून भोकांतून ऊन आत येतं, पिवळसर भिंतींवर पडतं, आत गल्ल्याच गल्ल्या, एकीतून दुसरीत. पण ती समुद्रानं केलेली नाही. पोर्तुगीजांनी तिथं किल्ला बांधला, त्यासाठी दगड इथून काढला आणि काढता काढता हे भुयारांचं जाळं तयार झालं असं तिथं सांगतात, आणि भिंती जवळून बघितल्या तर पटतं, कारण दगड चौकोनी कापल्याच्या खुणा अजून दिसतात. दगड मऊ आहे, चुनखडीचा, नखानं खरवडलं तरी भुरभुर हाताला लागते. मला ही जागा मनापासून आवडली. भरती असो ओहोटी असो, काही फरक पडत नाही, पोरं तासभर लपाछपी खेळतात, तुम्ही निवांत. पाणी मात्र नाही, लाटेचा आवाजही नाही.

दीवमध्ये समुद्राशी खरी गाठ पडते ती फुदम गावच्या गंगेश्वरला. दीव शहरापासून तीनेक किलोमीटर, थोड्या पायऱ्या उतरायच्या, कपारीत पाच शिवलिंगं, पांडवांनी स्थापन केली असं म्हणतात, आणि भरतीच्या वेळी लाट थेट पिंडींवर येते. मी गेलो तेव्हा पाणी चढत होतं. लाट आली की पाची पिंडी फेसात जायच्या, मग पाणी गळत गळत मागं सरकायचं आणि एकेक पिंड पुन्हा वर यायची, कुणीतरी वाहिलेलं जास्वंदीचं फूल मात्र प्रत्येक वेळी नव्या जागी. मी अर्धा तास तिथून हललो नाही. सासूबाईंसारख्यांना तर हे नक्कीच आवडेल, फक्त ओल्या दगडावर त्यांचा हात धरायला कुणीतरी पाहिजे.

आता रत्नागिरी. इथला दगड वेगळा, खाली काळा बसाल्ट आणि वर जांभा. बसाल्टला उभ्या भेगा असतात, लाट वर्षानुवर्षं त्याच भेगेत घुसत राहते, आतली हवा दाबली जाते, भेग रुंदावते, मग घळ होते, घळीची गुहा होते. रत्नदुर्ग म्हणजे भगवती किल्ला तिन्ही बाजूंनी समुद्रात घुसलाय आणि त्याच्या कड्याच्या पायथ्याशी अशी गुहा आहे. वर देवळाच्या बाजूला भुयार आहे, ते थेट खालच्या गुहेपर्यंत जातं असं तिथले लोक सांगतात. तुम्ही आत जाऊ शकत नाही आणि खालच्या गुहेत कड्याखालून जायचा नाद तर करूच नका. वरून तटावर उभं राहून बघायचं. पोरांना कदाचित वाटेल एवढंच का, पण संध्याकाळी लाट आत आपटल्याचा जो धप्प आवाज येतो तो वरपर्यंत ऐकू येतो, त्यानं काम होतं.

माझ्या मते खरी मजा शहराच्या बाहेर आहे. भाट्याच्या पुलावरून दक्षिणेला निघा, पावस, पूर्णगड, गावखडी करत कशेळी, तीसेक किलोमीटर, रस्ता बराचसा समुद्राच्या कडेनं. कशेळीला देवघळी म्हणून जागा आहे. सड्यावरून, म्हणजे वरच्या मोकळ्या कातळी पठारावरून, चालत कड्याच्या टोकाला गेलं की खाली कडा कापून समुद्र आत आलेला दिसतो. गोष्ट अशी सांगतात की सौराष्ट्रातल्या प्रभासपाटणहून एक व्यापारी सूर्याची मूर्ती गलबतातून घेऊन चालला होता, कशेळीसमोर गलबत अडलं ते काही केल्या हलेना, शेवटी मूर्ती किनाऱ्यावरच्या गुहेत ठेवली तेव्हा कुठं सुटलं. पुढं कनका नावाच्या बाईला दृष्टांत झाला, गावकऱ्यांनी मूर्ती वर आणली, म्हणून देव कनकादित्य आणि गुहेची जागा देवघळी. आधी कड्यावर उभं राहायचं आणि मग गावातल्या देवळात जाऊन ती मूर्ती बघायची, हा क्रम उलटा करू नका.

आणि कशेळीचाच हत्ती. सड्यावर जांभ्या कातळात कोरलेला, जवळजवळ १८ मीटर लांब, आणि त्याच्या अंगात मासे, प्राणी, पक्षी कोरलेत. कोकणातली ही कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेलीत, तरी अजून तिथं गर्दी नसते. दुपारी बाराला गेलात तर काही म्हणजे काही दिसणार नाही, ऊन डोक्यावर असलं की रेषा मरतात. सकाळी आठ-नऊच्या आत किंवा साडेचारनंतर जा, तिरप्या उन्हात रेषेच्या एका काठावर सावली पडते आणि एकदम सोंड दिसते, मग पाय, मग पोटातला मासा. माझी मुलगी त्याच्या कडेकडेनं चालत गेली आणि शेपटापाशी पोचल्यावर तिथून ओरडली, बाबा, मी मागच्या पायाशी आहे! कातळावर मात्र चढायचं नाही, चित्रावर तर अजिबात नाही. राजापूरकडं अजून जायची तयारी असेल तर देवाचे गोठणे गावच्या सड्यावर होकायंत्र ठेवून बघा, काटा भलतीकडंच वळतो, तिथल्या दगडातच चुंबकत्व आहे. नववीतल्या पोरांना तर हे दाखवायलाच पाहिजे.

हेदवीची बामणघळ पण याच भागातली, गुहागर तालुक्यात. रत्नागिरीहून जयगडला जायचं, फेरीबोटीत गाडी घालून तवसाळला उतरायचं आणि पुढं. उमामहेश्वराच्या देवळाजवळ खडकात एक चिंचोळी चीर आहे, भरतीला लाट आत शिरली की जागा नसल्यामुळं पाणी सरळ वर उडतं. ही बघायला मात्र भरतीच पाहिजे, ओहोटीला नुसती कोरडी भेग. आणि लांबून बघायची, कडेला जाऊन सेल्फी नाही, नावच कुणी बामण त्यात पडला त्यावरून पडलंय असं सांगतात.

आता जे सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि जे प्लॅन करताना कुणीच बघत नाही ते म्हणजे तिथी. तीन वर्षांपूर्वी त्रिपुरी पौर्णिमेला आम्ही रत्नागिरीजवळ एका कातळी किनाऱ्यावर सकाळी आठला खाली उतरत होतो आणि एक बाई कालवांची टोपली डोक्यावर, हातात कोयती, अशी वर येत होती. म्हणाली, पाणी भरतंय दादा, आता कुठं उतरता? मी म्हटलं दहा मिनिटांत येतो. दहा मिनिटांचा पाऊण तास झाला, परत निघालो तर ज्या खडकांवरून आलो होतो ते दिसेनात, गुडघ्यापर्यंत पाणी, मुलीला कडेवर घेतलं आणि तोल सावरायला खडकाला हात लावला तर कालवांच्या कडांनी तळवा फाटला. बाकी काही झालं नाही, पण पाणी मागून ओढत असताना तिनं माझ्या मानेला मारलेली मिठी मी विसरलेलो नाही. चूक पूर्ण माझी, ती बाई रोज तो समुद्र बघते आणि मी तिचं ऐकलं नाही.

कोकणातला हिशोब सोपा आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमाराला, सकाळी आणि संध्याकाळी, आणि सव्वासहा तासांनी ओहोटी म्हणजे दुपारी बाराच्या आसपास. पौर्णिमा-अमावास्येला पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा. त्या दिवशी मी आठला उतरत होतो, म्हणजे बरोबर चढत्या पाण्यात. शुद्ध पक्ष असो वद्य असो, हिशोब तोच. मिनिटाला मिनिट जुळणार नाही, पण दिवस ठरवायला पुरतो, शिवाय तिथल्या कोळ्यांना विचारायचंच. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा दोन्ही कमी.

आता ताईचा प्लॅन यात बसवून बघा. भाऊबीज म्हणजे द्वितीया. तृतीयेला निघाली, चतुर्थीला शहरात, पंचमीला पाचाचे पाऊणपट म्हणजे पावणेचारला भरती आणि ओहोटी सकाळी साडेनऊ-दहाला. यापेक्षा सोयीचं काय असणार? पहाटे निघून आठला कातळशिल्पावर, तिरपं ऊन, तिथून दहाच्या आत देवघळीला, पाणी तळाला असतं, मग कनकादित्य, जेवण आणि परत. हेदवी दुसऱ्या दिवशी, षष्ठीला भरती साडेचारला, म्हणजे दुपारची निवांत फेरीबोट. दीवला मात्र ही पाऊणपट लावू नका, तिथल्या पाण्याच्या वेळा वेगळ्या, तिथलं भरती-ओहोटीचं टाइमटेबल मोबाईलवर मिळतं ते बघा.

प्रवासाचं थोडक्यात. रत्नागिरी म्हणजे गाडीनं सातारा रोडनं कोल्हापूरच्या बाजूनं आंबा घाट, किंवा कराडवरून कुंभार्ली, आठ तास धरा, स्वारगेटवरून एसटी आहेच. दीवला वेरावळपर्यंत रेल्वे आणि पुढं नव्वदेक किलोमीटर गाडी, जाण्यायेण्यातच दोन दिवस जातात, चार दिवसांच्या सुट्टीत उरतं काय? त्यात दिवाळीत गुजरातमध्ये लाभपंचमीपर्यंत दुकानं बंद असतात आणि सगळे फिरायला बाहेर पडतात, दीव त्यांना जवळचं आणि दारूबंदी नसलेलं, त्यामुळं नेमक्या ह्याच दिवसांत नागोआ बीचवर पाय ठेवायला जागा नसते आणि रूमचे रेट विचारू नका. दीवला जायचं तर जानेवारी, शाळेतून दोन दिवस रजा काढून.

दीवची बाकीची बाजू पण सांगायला पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. बेट छोटं, सपाट, सगळं अर्ध्या तासाच्या आत, गुडघे दुखणाऱ्या माणसाला रत्नागिरीच्या सड्यापेक्षा दहापट सोपं. किल्ला, समोर पाण्यात पानीकोठा नावाचा छोटा किल्ला, फांद्या फुटणारी होका नावाची ताडासारखी झाडं. आणि खुकरी स्मारक. ९ डिसेंबर १९७१ ला आयएनएस खुकरी दीवच्या समुद्रात बुडाली, १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज न सोडता त्यांच्यासोबत गेले. तिथं उभं राहून समोरचं पाणी बघताना पोरांना फार काही समजावून सांगावं लागत नाही.

रत्नागिरीतही ज्यांना चालायचं नाही त्यांच्यासाठी बरंच आहे, थिबा पॅलेस, १९१० चा, ब्रह्मदेशच्या राजाला इंग्रजांनी इतकी वर्षं घरापासून लांब ठेवलं आणि तो १९१६ ला इथंच गेला. टिळकांचं जन्मघर, पावसला स्वामी स्वरूपानंदांचा मठ. आणि किल्ल्याच्या एका बाजूला मांडवीची काळी वाळू तर दुसऱ्या बाजूला पांढरा समुद्र, दोन्हीची मूठभर वाळू शेजारी शेजारी ठेवून बघायला पोरांना आवडतं. जेवायची चिंताच नाही, मासे खाणाऱ्याला सुरमईची थाळी आणि सासूबाईंना मोदक.

विशाखापट्टणमचं पण काही जण सुचवतात. शहर छान, पाणबुडीचं म्युझियम तर भारीच, पण बोरा गुहा समुद्रात नाहीत, शहरापासून नव्वदेक किलोमीटर आत डोंगरात आहेत. समुद्रासाठी जाणार असाल तर हे माहीत असू द्या.

तर ताईला मी सांगितलं, आत्ता रत्नागिरीच. सासूबाईंना कशेळीच्या कड्यापर्यंत चालवू नकोस, त्यांना देवळात बसव, पोरांना दाजी घेऊन जातील. सगळ्यांना मागं पट्टा असलेल्या सँडल, चप्पल नाही, ओल्या शेवाळावर चप्पल पहिली निसटते. पाण्याच्या बाटल्या भरपूर, सड्यावर सावली नाही. आणि जानेवारीत दीवला गेलीस तर वेरावळला उतरल्यावर सोमनाथ, प्रभासपाटण लागूनच आहे, तिथल्या किनाऱ्यावर पोरांना घेऊन जा, कनकादित्याची मूर्ती घेऊन ते गलबत तिथूनच निघालं होतं म्हणतात.